फ्रीझरवरचं झेंडूचं फूल

मी एक जुनी अँटिबॉडी आहे. शाळेच्या पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. दिसायला मी काहीच नाही. करंगळीएवढ्या बाटल्यांत भरलेलं पिवळसर पाणी. पण मित्रांनो, माझा तोरा मोठा होता. शरीरात हजारो प्रथिनं असतात, त्यांतलं मी एकच ओळखत असे. ते जस्ताचा कण पोटाशी धरून बोटासारखं वाकतं, म्हणून त्याला झिंक फिंगर म्हणतात. ते भेटलं की मी त्याला घट्ट चिकटायची. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नसे.

माझी आई म्हणजे परभणीतल्या एका प्रयोगशाळेतली सशाची पांढरी मादी. सिद्धम्मा नावाच्या तरुण पशुवैद्य मुलीनं तिला ते प्रथिन टोचलं आणि तिच्या रक्तात मी तयार झाले. कानाच्या शिरेतून रक्त काढताना सिद्धम्मा तिच्याशी हळू आवाजात बोलत राही. पुढच्या उन्हाळ्याचा ताव आईला सोसला नाही. ती पिंजऱ्यातच गेली. आता बाटल्यांत होते तेवढीच मी उरले होते.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या वासरांची कातडी सोलून निघे आणि ती खंगून मरत. जमिनीत जस्त कमी, म्हणून चाऱ्यात कमी, म्हणून वासरांच्या अंगात कमी, असा सिद्धम्माचा कयास होता. त्यामुळे कातडीतलं ते प्रथिन कमी होतं का, हे मी सांगायचं होतं. प्रथिन असेल तिथे मी चिकटे आणि कागदावर काळी पट्टी उमटे. पहिली पट्टी उमटली तेव्हा सिद्धम्मानं एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. मला लाजल्यासारखं झालं. मेलेल्या वासरांचे शेवटचे नमुने तेवढे राहिले होते. ते झाले की तिचा पीएचडीचा प्रबंध पुरा होणार होता.

माझी मागणी एकच होती, थंडी. फ्रीझरमध्ये गोठून मी वर्षानुवर्षं टिकते, उकाड्यात नासते.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून मराठवाडा पेटला होता. कुणाची घरं जळत होती, कुणाची माणसं जात होती. नवरात्रात सिद्धम्मा काही पुस्तकं बघायला औरंगाबादला गेली आणि बंद पुकारला गेला. परतीची एसटी देवगाव फाट्यावर अडकून पडली.

त्याच वेळी तिचे वडील ईश्वरअप्पा चारठाण्याहून आले होते. त्यांचं किराणा दुकान. दर खंडेनवमीला ते तराजूची पूजा करत आणि त्या दिवशी त्यात काही तोलत नसत. आपल्या लेकीच्या यंत्रांचीही पूजा व्हावी, ही त्यांची हौस. नवा शिपाई लिंबाजी यानं त्यांना खोली उघडून दिली. अप्पांनी यंत्रं पुसली, विभूती लावली, फुलं वाहिली. मग एकेक बटण बंद करत ते फ्रीझरपाशी आले.

"ह्ये कदीच बंद ऱ्हात न्हाई, अप्पा," लिंबाजी म्हणाला.

"म्हणूनच तर! वर्सभर राबायलाय बिचारं. एक दिस निजू दे की त्याला."

आणि त्यांनी बटण खाली केलं. माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवून हात जोडले. लिंबाजी कुलूप लावून पोखर्णीला गावी गेला. दुसऱ्या दिवशी येणार होता, पण रस्तेच बंद झाले. किल्ली त्याच्या कनवटीला.

आधी बर्फ सुटला. मग थंडी गेली. मग मी कोमट झाले, गढुळले, माझ्या अंगाला वास येऊ लागला. मला ओरडता येत नाही. बाहेर दूरवर घोषणा ऐकू येत होत्या.

बंद उठल्यावर सिद्धम्मा आली आणि स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. मागे अप्पा होते, पूजा दाखवायला उतावीळ झालेले.

"बघ गं, लखलख करून ठिवलंय समदं!"

तिनं फ्रीझरवर हात ठेवला. खाली फरशीवर पाणी साचलं होतं. फूल सुकलं होतं.

"काय झालं गं?"

"काई न्हाई, अप्पा. लय छान केली पूजा."

नंतर तिनं मला निरोगी वासराच्या नमुन्यावर सोडलं. मी जिवाचं रान केलं. माझं प्रथिन समोर होतं आणि मला ते ओळखू येईना. कागद कोराच राहिला. तिनं तो पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला, मग टेबलावर डोकं टेकलं.

प्रबंध अर्धाच राहिला. वासरं मरतच राहिली. प्रयोगशाळा सोडून जायच्या दिवशी सिद्धम्माचं सामान न्यायला अप्पा आले, तेव्हा त्यांनी माझ्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"एवढी मेहनत केलीस. मग कामून सोडायलीस?"

"तुमची पूजा पोचली, अप्पा. त्ये औषधच कच्चं निघालं."

अप्पांनी मान हलवली आणि तिची पेटी उचलली.

मित्रांनो, मला खूप लागलं ते. पण मी तिच्यावर रागावले नाही. तिला बापाला वाचवायचं होतं आणि दोष घ्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तुम्ही कुणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा हात जोडायच्या आधी त्याला काय हवं ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याला ओळखणाऱ्या माणसाची वाट बघा.

आणि एवढं ध्यानात ठेवा. मी कच्ची नव्हते.