याच तारखेला एक मुलगी

तारीख कुठली ते मी सांगणार नाही. सांगितली की तुम्ही त्या दिवशी रेडिओ लावून बसाल, आणि ते मला नकोय.

मी रेडिओवर बोलते. सकाळचा कार्यक्रम माझा, आणि त्यात बातम्यांच्या आधी ‘याच तारखेला’ नावाचं सदर. गाण्याबजावण्याच्या दुनियेत या तारखेला काय काय घडलं ते सांगायचं. कुठल्या बॅण्डची पहिली तबकडी निघाली, कुठला ड्रमवाला भर कार्यक्रमात काठ्या फेकून निघून गेला, कुठली गायिका जन्मली, कुणाचं विमान पडलं. लोकांना वाटतं, बाईला सगळं तोंडपाठ आहे. कसलं तोंडपाठ, डोंबल! आदल्या दिवशी बसायचं आणि शोधायचं. बहुतेक तारखा भरगच्च असतात. काही मात्र अगदी कोरड्या. त्या दिवशी ना कुणी जन्माला आलेलं असतं, ना कुणी धड मेलेलं.

ही तारीख तसलीच. माझ्याकडे एका सॅक्सोफोनवाल्याचा वाढदिवस होता आणि एका गाजलेल्या जोडीचं भांडण. दोन्ही सांगून झालं तरी बातम्यांना वेळ होता. काचेपलीकडे आमचा ध्वनिमुद्रक, त्याला सगळे बटण्या म्हणतात, हातानं रबर ताणल्यासारखं करत होता. म्हणजे, ओढा अजून. मग मी ओढलं.

“आणि याच तारखेला,” मी म्हटलं, “एका तरुण मुलीनं आपलं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. मग ती स्टुडिओच्या दारातून बाहेर पडली, आणि पुन्हा कुणालाही दिसली नाही. ते एक गाणं तेवढं मागे राहिलं.”

खोटं म्हणू नका. आमच्यात याला भर घालणं म्हणतात, आणि कधीच भर घातली नाही असा निवेदक मला दाखवा. नाव नाही, गाव नाही, कुणाचं काय बिघडणार होतं?

बातम्या सुरू झाल्या तसा बटण्या आत आला. “ताई, ही कुठून काढलीत?”

“हवेतून,” मी म्हटलं. दोघंही हसलो.

तेवढ्यात टेलिफोनवाल्या मावशी दारात. या बाई कधी जागच्या उठत नाहीत, फोनवर आग लागल्याचं कळलं तरी खुर्चीतूनच सांगतील. “अगं, फोन थांबेनात. त्या मुलीचं गाणं लावा म्हणतायत सगळे.”

“लोकांचं काय, त्यांना काहीही आठवतं,” म्हणत मी मजेमजेत फोन घेतला. पलीकडे एक आजोबा होते.

“तरुणपणी ऐकलंय हो मी ते,” ते म्हणाले. “लावा की एकदा.”

“कसं होतं, म्हणून दाखवा बघू,” मी मुद्दाम फिरकी घेतली.

त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली आणि माझं हसू ओठातच राहिलं. ती चाल माझ्या लेकीची होती.

माझी लेक. जन्मल्याबरोबर अख्खं प्रसूतिगृह जागं केलं म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. गेले कित्येक महिने ती भांडी विसळताना, केस पुसताना हीच चाल गुणगुणत होती. तिची तिनं रचलेली, घराबाहेर कुणी न ऐकलेली. मी दहादा तिला टोकलं होतं, “तिसऱ्या ओळीला घसरतेस.” ती फणकारायची, “घसरत नाही आई, मुद्दाम उतरते.” आजोबाही तिसऱ्या ओळीला तस्सेच उतरले.

मी फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. एक बाई होत्या. त्यांनीही तीच चाल धरली, त्याच जागी उतरल्या आणि म्हणाल्या, “बिचारी! पेपरात फोटो आला होता, आठवतं ना? हिरवा स्वेटर, कोपराला उसवलेला.”

त्या उसवलेल्या कोपरावरून आदल्या रात्रीच टिटवीची नि माझी जुंपली होती. मी घरी फोन लावला.

“टिटवी कुठाय?”

नवरा म्हणाला, “तू चिडू नकोस.”

“मी चिडत नाहीये!” मी किंचाळले.

“रेकॉर्डिंगला गेलीय, तुमच्या मागच्याच स्टुडिओत. तिचं स्वतःचं गाणं. तुला सांगू नका म्हणाली, तू चुका काढत बसशील म्हणून.”

“काय घालून गेली?”

“अं?”

“अहो, अंगात काय घातलंय तिनं!”

“तो हिरवा स्वेटरच. का गं?”

बटण्याला म्हटलं, लांबलचक गाणी लाव आणि मला काही विचारू नकोस. चपलेचा बंद तुटला, ती रस्त्यातच टाकली आणि तशीच पळाले. स्टुडिओ मागच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाखाली तळघरात. जिना उतरले तर दारावर लाल दिवा लागलेला.

लाल दिवा असताना स्टुडिओचं दार उघडायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. एकदा खुद्द आमच्या साहेबांना मी त्यावरून चारचौघांत झापलंय. मी दाराच्या चौकोनी काचेतून आत बघितलं. माझी पोर डोळे मिटून गात होती. दार जाड, तरी आवाज झिरपत होता, आणि काय सांगू, मी आयुष्यभर तिच्या चुका काढल्या पण त्या गाण्यात काढायला काही नव्हतंच. तिसऱ्या ओळीला ती उतरली तेव्हा ते उतरणं किती बरोबर आहे ते मला पहिल्यांदा कळलं. अभिमानानं ऊर भरून आला. आणि त्याच वेळी माझा हात दाराच्या मुठीवर गेला होता.

मी विचार केला, गाणं पुरं झालं की ती बाहेर पडणार. पुरं झालंच नाही तर?

मी दार ढकललं आणि ओरडले, “थांब!”

वादकांचे हात जागच्या जागी राहिले. टिटवीनं डोळे उघडले. आधी तिला कळेचना, मग कळलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई, लाल दिवा दिसला नाही तुला?”

“ऐक माझं. मी रेडिओवर एक गोष्ट सांगितली, मनातली, आणि लोकांना तुझं गाणं…” मला धड सांगताच येईना. सांगितलं असतं तरी कुणी ऐकून घेतलं असतं? मी तिचा हात घट्ट धरला. “तू इथून हलायचं नाहीस. बास!”

“घरात बोलायचीस ते ऐकून घेतलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. “आज मला चांगलं जमत होतं. तेही तुला बघवलं नाही.”

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि जिना चढून गेली. मी मागोमागच होते. वर पोचले तर लख्ख ऊन, सरळसोट रस्ता, ना गल्ली ना बोळ. टायरवाला दुकानाच्या पायरीवरच बसला होता. म्हणाला, “इथून कुणीच वर आलं नाही, बाई.”

पोलीस म्हणाले, रागावून गेलेली मुलं येतात परत. वर्ष झालं. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी कामावर जाते, कारण घरात बसवत नाही.

यंदा त्या तारखेला मी फक्त सॅक्सोफोनवाल्याचं सांगितलं. तरी फोन आलेच. मावशींनी घ्यायचं नाकारलं म्हणून मीच घेतले. शेवटी गेल्या वर्षीचे ते आजोबा लागले.

“तुम्ही ते गाणं लावतच नाही,” ते म्हणाले. “मला सगळं आठवतं बघा. ते मध्येच तुटतं ना, दार उघडल्याचा आवाज येतो आणि एक बाई ‘थांब!’ म्हणून ओरडते. कोण हो ती?”

“तिची आई,” मी म्हटलं.

आजोबा हळहळून म्हणाले, “अरेरे. तिनं थोडा दम धरला असता, तर पोर गाऊन घरी गेली असती.”