पैऱ्याची मोटार

कोळवणच्या सारजाबाईंची नात अपेक्षा शर्यतीच्या मोटारी चालवते. पुढच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत एका मोटारीवर दोघं असणार होते. जोडीदाराचं नाव आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि निवड चुकली तर अपेक्षाचीही संघातली जागा जाणार होती.

“म्हंजे पैराच की!” सारजाबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. बैलगाडा शर्यतीत आपल्या बैलाच्या जोडीला दुसऱ्याचा कुठला बैल जुंपायचा, हा पैरा या घरात त्याच ठरवायच्या. “दोघं एकदम बसत्यात व्हय?”

“नाही गं आज्जी, पाळीनं. तासाभरानं बदलायचं. पियूष लई जोरात पळवतो. दयानंद जरा सावकाश.”

“पियूष उतरला की मोटार कशी असती?”

“टायर पार झिजवून देतो. मग मलाच जपून चालवावं लागतं.”

“अगं येडे, पैऱ्याचा बैल किती पळतो ते समदं गाव बघतं. आपुन घरी आल्यावर आपल्या बैलाचा खांदा बघायचा. सोलला आसंल, तर तो पैरा पुन्हा न्हाई.”

अपेक्षाने संघाच्या कचेरीला फोन लावला. “दयानंदचं नाव लिहा.”

“आन् मला घिऊन चल तितं,” सारजाबाई म्हणाल्या. “ती टायरं मी सोता हात लावून बघनार हाय.”