वहिनीच्या हातातला खोडरबर

मी खोडरबर बोलतोय. जरा कान जवळ आणा, माझा आवाज कागदावर घासल्याइतकाच येतो. कंपासपेटीत नाहीतर टेबलाच्या कडेला पडलेला असतो, कुणाचं लक्ष नसतं, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर पडतं. लोक मला नाकखुपशा म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्याच्या वहीवर नाक घासायलाच माझा जन्म झाला, त्याला मी काय करू?

जन्म एका कारखान्यातला. तिथे आमची लांबच लांब पट्टी निघायची, तिचे तुकडे पडायचे आणि एकेकाला कागदाचं जाकीट चढायचं. मग मी दुकानाच्या काचेत बसलो. शाळेतून परतणारी मुलं मला उचलायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. शेवटी एका मुलीने चित्रकलेसाठी मला घरी नेलं. थोडे दिवस माझं भारी कौतुक झालं, मग तिला चित्रकलेचा कंटाळा आला. माझी रवानगी शिलाईच्या डब्यात झाली, सुट्या बटणांच्या आणि बोथट सुयांच्या शेजाराला. तिथे पडून पडून जाकीट फाटलं आणि अंग कडक झालं.

मला बाहेर काढलं ते वहिनीने. त्या मुलीच्या मोठ्या भावाची बायको ती. भाऊ लांबच्या फेऱ्यांचा ट्रक चालवायचा, म्हणून घरात बहुतेक वेळ तिघीच असायच्या: वहिनी, सासूबाई आणि आता कॉलेजात जाणारी ती मुलगी, म्हणजे वहिनीची नणंद.

वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवलेला सदरा समोर आला की कॉलर, काज, बाही, शिलाई, सगळं उलटसुलट करून बघायचं आणि दोष दिसला की तिथे खडूची खूण करायची. दिवसभर उभं राहून. घरी आली की पाय बादलीत सोडून बसायची, आणि घोट्यावरची सूज बघून सासूबाई तोंड फिरवायच्या. दया आली की त्यांना बघवत नसे.

अशात रुग्णालयात कारकुनाच्या जागा निघाल्या. बसून करायचं काम. लेखी परीक्षा होती, आणि वयाची अट अशी, की पुढच्या खेपेला वहिनीला अर्जसुद्धा भरता आला नसता. एकच डाव.

गणितात ती बरी होती. घोडं अडलं ते वाक्यांतल्या चुका शोधायच्या प्रश्नांपाशी. एक वाक्य द्यायचं, त्याचे चार तुकडे पाडायचे आणि चूक कुठल्या तुकड्यात ते विचारायचं. पाचवा पर्याय असायचा, ‘चूक नाही’.

‘मी आणि माझा भाऊ काल बाजारात गेला’ असलं वाक्य आलं की वहिनी ‘गेला’वर झडप घालायची. चेकरचीच नजर ती. पण ‘दुकान बंद असल्यामुळे मुलं रिकाम्या हाताने परत आली’ असं साधं सरळ वाक्य आलं की तिचा चेहरा उतरायचा. आधी ती पेन्सिलीने हलकेच ‘चूक नाही’चा गोल भरायची. मग ओठ चावायची. मग वाक्य पुन्हा वाचायची, बाही उलटी करून बघावी तसं. आणि मग हात माझ्याकडे यायचा.

तो हात आला की मला घाम फुटायचा. घासून घासून ती गोल पुसायची, फुंकर मारायची आणि दुसराच गोल भरायची. संध्याकाळी नणंद पुस्तकाच्या मागची उत्तरं काढून तपासायला बसली, की पुसलेल्या गोलाची फिकट सावली कागदावर तशीच असायची. बहुतेक वेळा तीच बरोबर निघायची.

माझ्या जातीला काय वाटत असेल याचा विचार करा. आम्ही चुका खायला जन्मलो. मला रोज बरोबर उत्तरं खावी लागत होती, आणि ओरडायला तोंड नव्हतं.

शेवटी नणंदेच्या ते ध्यानात आलं. सासूबाई शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. नणंद त्यांना म्हणाली, “आई, हिची गंमत बघ. जिथे काही चुकलेलं नसतं, नेमकी तिथेच ही चुकते.”

सासूबाईंना ते काही झेपलं नाही. बरोबर आहे त्याला बरोबर म्हणायला काय पैसे पडतात का, असं त्यांचं म्हणणं.

वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. मग सावकाश सांगायला लागली. त्यांच्या कारखान्यात म्हणे लागोपाठ सदरे पास केले की सुपरवायझर येऊन उभा राहतो. डोळे मिटून बसलीस का, असं सगळ्यांदेखत विचारतो आणि तो अख्खा ढीग पुन्हा तपासायला लावतो. म्हणून जुन्या बायका नव्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात, की एखादं सूत सुटलेला सदरा कायम हाताशी ठेवायचा. सुपरवायझर दिसला की तो पुढे करायचा. नसलाच सुटलेला, तर नखाने थोडं सूत ओढून काढायचं.

“चांगला सदरा हातात आला ना, की मला धडकीच भरते,” वहिनी म्हणाली. “वाटतं, माझंच काहीतरी बघायचं राहिलं.”

नणंदेने उत्तरांचं पुस्तक मिटलं. सासूबाई सोललेल्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, “त्या मेल्याला काय बोलायचं? मी तरी या घरात दुसरं काय केलं? मीठ कमी पडलं की बोलले. बरोबर पडलं तेव्हा मुकाट्याने जेवले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने डबा भरता भरता त्यांच्यापुढे ताट ठेवलं. सासूबाई जेवल्या, हात धुतला आणि म्हणाल्या, “आज चांगलं झालंय सगळं.” वहिनीने घाबरून पातेल्याचं झाकण उघडून आत बघितलं. नणंद हसून हसून लोळायची बाकी होती. मलाही हसू आलं, पण खरं सांगू, काळजीच जास्त वाटली. इतक्या वर्षांची सवय काय एका ताटाने जाते?

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेलो. एका मोठ्या शाळेत वर्ग होता. तिच्या तळव्याला इतका घाम, की माझं अंग चिकट झालं. पहिला भाग नीट गेला. मग वाक्यं आली.

एका वाक्याला तिने ‘चूक नाही’चा गोल भरला आणि पुढे गेली. मी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्याही वाक्यात चूक नव्हती. तिने गोल भरला, पण पेन्सिल थांबली. तिसरं वाक्य. त्यातही काही सापडेना, म्हणून पुन्हा तोच गोल भरला. लागोपाठ तीन. तिने मागे वळून पाहिलं, जणू कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहिलंय. मग मला उचललं. माझा कोपरा पहिल्या गोलावर टेकला. नको गं बाई, मी मनात म्हणत होतो, नको.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावर गडबड झाली. तिथे एक टक्कल पडलेला माणूस बसला होता, वयाने वहिनीएवढाच, म्हणजे त्याचाही हा शेवटचाच डाव असणार. त्याच्याकडे खोडरबर नव्हता आणि तो थुंकी लावून बोटाने गोल पुसत होता. कागद काळा झालेला. वर्गावरच्या बाई त्याच्यावर वैतागल्या आणि वर्गाला उद्देशून त्यांनी विचारलं, कुणाकडे जास्तीचा खोडरबर आहे का?

वहिनीकडे जास्तीचा कुठला? मी एकटाच होतो, आणि तिचा अर्धा पेपर अजून बाकी होता. तिने माझ्याकडे बघितलं. त्या तीन गोलांकडे बघितलं. मग हात वर केला.

“घ्या,” ती म्हणाली. “मला नाही लागणार.”

आणि तिने मला बाईंच्या हातावर ठेवलं.

पलीकडच्या बाकावरून मी तिला बघत राहिलो. आता ती प्रत्येक वाक्य वाचून हात मांडीवर ठेवायची, थांबायची आणि मग एकदाच गोल भरायची. दोनदा तिचा हात सवयीने बाकाच्या कडेला चाचपडला. तिथे काहीच नव्हतं.

घंटा झाली आणि एकच गर्दी उसळली. टकलू मला मुठीत धरून तिला शोधत फाटकापर्यंत पळाला, बिचारा सज्जन आहे. पण ती दिसली नाही.

तेव्हापासून मी त्याच्या घरी, खिडकीच्या चौकटीवर असतो. झिजून आता बोराच्या बीएवढा उरलोय. परवा त्याचा निकाल आला. तो पास झाला नाही. यादी त्याने वरपासून खालपर्यंत चाळली, पण फक्त स्वतःचं नाव शोधण्यापुरती, आणि कागद घडी करून ठेवून दिला. मी इथे तळमळतोय. सगळ्यांच्या घरातलं सगळं ऐकणारा मी, आणि मला हवी ती एक बातमी कुणी सांगत नाही.

कधी रुग्णालयात गेलात, तर कारकुनांच्या खिडकीत जरा डोकावून बघा. एखादी बाई दिसली, जिचे पाय सुजलेले नाहीत, जी तुमचा कागद दोन्ही बाजूंनी उलटून बघते, आणि सगळं बरोबर असलं तर ‘बरोबर आहे’ म्हणून निमूट शिक्का मारते, तर तीच वहिनी समजा. परत जाताना या खिडकीवरून जा आणि मला तेवढं सांगा. मी उरलोय तोवर वाट बघतो.