परळीच्या मल्लम्माच्या अंगातला मी

मी एक जनुक बोलतोय. डोळ्यांना मी दिसत नाही, पण परळीच्या मल्लम्माच्या अंगात तिच्या जन्मापासून आहे. मेंदूत चरबीची ने-आण करणारे हमाल घडवायचे, एवढंच माझं काम. माझ्या भावंडांचे, म्हणजे याच जनुकाच्या इतर प्रकारांचे, हमाल चपळ, माझे जरा ढिले. म्हणून डॉक्टर सांगतात, मी ज्याच्यात असतो त्याला उतारवयात अल्झायमरचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा, धोका जास्त. पण मी असूनही कित्येकांना तो होत नाही, आणि मी नसताना कित्येकांना होतो.

मल्लम्माकडून मी तिच्या मुलात, बसप्पात आलो. त्याच्याकडून त्याच्या लेकीत, ईश्वरीत. मी कुणाला निवडलं नाही. येणं न येणं दोन्ही सारखंच शक्य होतं.

मल्लम्मा आधी गॅसवरचं दूध विसरू लागली, मग माणसं. एक मात्र सुटलं नाही. पूजा झाली की समोर येईल त्याच्या कपाळाला विभूती लावायची. मीटर बघायला येणारा माणूससुद्धा आधी कपाळ पुढं करायचा.

ईश्वरीला बघायला केजहून पाहुणे आले, तेव्हा बसप्पा घाबरला. आईचा आजार कळला तर सोयरीक जमणार नाही, असं त्याला वाटलं. आईला आतल्या खोलीत बसवून तो पाहुण्यांना म्हणाला, "आई नेकनूरला गेलीय, बहिणीकडं."

पोहे आले आणि विभूतीची डबी घेऊन मल्लम्माही आली.

मुलाची आई कौशल्याबाई हसली. "नेकनूरची गाडी लई लवकर आली की वो!"

बसप्पा मान खाली घालून बसला. ईश्वरीच बोलली, "आजीला विसरायचा आजार हाय. त्याचा धोका रक्तातून माझ्यातबी आला आसंल. होईलच आसं न्हाई, पण लपवून मला लगीन न्हाई करायचं."

मल्लम्मानं नवऱ्या मुलाला विभूती लावली. "तू कोणाचा रं?"

"केजचा, आजी. अमरनाथ."

ती वळली, परत आली. "तू कोणाचा रं?"

त्यानं पुन्हा कपाळ पुढं केलं. "केजचा, आजी. अमरनाथ." अगदी पहिल्यांदा सांगावं तसं. थोड्या वेळानं त्याचं कपाळ पांढरंफटक झालं, तरी तो सांगतच होता. ईश्वरी बघत राहिली.

कौशल्याबाई म्हणाली, "आमच्या घरात शुगर हाय, बीपी हाय. त्ये आमी कुठं सांगितलं? पोरी, तू सांगितलंस. पोहे वाढ आणखी."

सोयरीक जमली.

मी ईश्वरीत आहे, पण मी म्हणजे तिचं नशीब नव्हे. तिनं चालावं, बीपी सांभाळावं, नीट झोपावं, चार माणसांत हसावं. मला कसलीच घाई नाही. तुम्हालाही एवढंच सांगतो, माझ्या भीतीनं घरातलं माणूस लपवू नका.

मल्लम्माला लग्नाचं लक्षात राहत नाही. म्हणून ईश्वरी रोज सकाळी सांगते, "आजी, माझं लगीन ठरलं!" आणि म्हातारी रोज नव्यानं हरखून नातीच्या तोंडात साखर घालते. एवढ्या वेळा तोंड गोड झालेली नवरी परळीत दुसरी नसेल.