भिंतीवरची पिवळी रेघ

मी एक जुना हेडलाइट आहे. एका मालवाहू व्हॅनचा, समोरून येणाऱ्यांच्या बाजूचा. माझ्या जोडीदाराच्या वाट्याला रस्त्याकडेची झाडं आणि दगड आले, माझ्या वाट्याला माणसं. म्हणून ही गोष्ट मलाच सांगावी लागते आहे. मित्रांनो, ती गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका खोलगट वाटीला आरशासारखा मुलामा चढवला, पुढे जाड काच बसवली, मागे बल्बपुरतं भोक ठेवलं. माझ्या वाटीचा प्रत्येक वळसा बल्बमधल्या एका बारीक तारेच्या अंदाजाने घडवलेला होता. ती तार उजळली की तिचा उजेड गोळा करायचा आणि रस्त्यावर अंथरायचा, वर कुणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. उजेड तारेचा, पण शिस्त माझी. त्याचा मला भारी ताठा होता.

आमचा मालक स्वतःच गाडी चालवायचा. रोज संध्याकाळी तो लाँड्रीतून धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन गावाबाहेरच्या इस्पितळात पोचवायचा आणि मळलेल्या चादरी घेऊन परतायचा. तिथल्या नर्सेस त्याला चादरवाले काका म्हणायच्या. एकवीस वर्षांत त्याने एक खेप चुकवली नाही, आणि मीही नाही.

वर्षातून दोनदा आम्ही मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जायचो. मिस्त्री मालकाचा जुना दोस्त. गॅरेजच्या अंगणापलीकडे एक भिंत होती आणि तिच्यावर त्याने ऑइलपेंटने आडवी रेघ ओढली होती. गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करायची, दिवे लावायचे आणि माझा स्क्रू पिळत पिळत उजेडाची वरची कड त्या रेघेखाली आणायची, ही त्याची रीत. मागे ओझं असलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून तो भरल्या गाडीनेच बोलवायचा. "दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो," तो म्हणायचा, "समोरच्याचं दिसणं बंद करायला नाही." रेघ जुळली की तो माझ्या काचेवर बोटाने टिचकी मारायचा. तेवढी शाबासकी मला सहा महिने पुरायची.

मग एका वर्षी मालक कुरकुरायला लागला.

"मिस्त्री, दिवे पार मेलेत रे. खड्डा चाकाखाली आला की कळतं."

मिस्त्रीने माझी काच पुसली, वायरी तपासल्या, गाडी भिंतीसमोर लावून दिवे पेटवले. "जिथे पडायला हवा तिथेच पडतोय उजेड. रेघ दिसतेय ना तुला?"

"दिसतेय की."

"कुठल्या रंगाची आहे?"

मालकाने डोळे बारीक केले. "पांढरी."

रेघ पिवळी होती. एकवीस वर्षं पिवळीच होती.

"दिवे राहू दे, डोळे दाखव," मिस्त्री म्हणाला. "मोतीबिंदू असेल. आणि तोवर संध्याकाळची खेप दुसऱ्या कुणाला दे."

"म्हणजे मी घरी बसू? तुला गाडीतलं कळतं, माणसातलं कळत नाही." मालकाने दार आपटलं आणि गाडी बाहेर काढली. त्यानंतर तो गॅरेजकडे फिरकला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते खरंच. पण मला त्याचा राग आला नाही. तो घाबरला होता. डॉक्टरने गाडी सोडा म्हटलं तर आपण कोण उरणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरीही त्याने दिव्यांचंच रडगाणं गायलं. त्याची मुलगी नुकती नोकरीला लागली होती. पहिल्या पगारात तिने बापासाठी एलईडी बल्बची जोडी आणली. "बाबा, पण डोळेही दाखवायचे हं," ती म्हणाली. "दाखवू, दाखवू," बाप म्हणाला. त्याच दुपारी त्याने अंगणात बसून माझा तारेचा बल्ब काढला आणि नवा घुसवला. नव्याच्या पाठीला छोटा पंखा होता, त्यामुळे मागचं रबरी झाकण बसेना. मालकाने ते ब्लेडने कापलं. भिंत नाही, रेघ नाही, टिचकी नाही.

मित्रांनो, नव्या बल्बची मी निंदा करत नाही. योग्य घरात तो चांगलाच नांदतो. पण माझी वाटी तारेसाठी घडवलेली. त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले पिवळे ठिपके उजळले आणि उजेड कुठून येतोय तेच मला कळेना. मी तो गोळा करायला गेलो आणि तो माझ्या हातून दाही दिशांना सांडला. चाकांपुढची जमीन लख्ख झाली, लांबचा रस्ता होता तसाच राहिला आणि उरलेला उजेड वर उधळला. मालकाला मात्र जवळचं पांढरंशुभ्र दिसलं आणि तो लहान मुलासारखा हसला.

एका संध्याकाळी मुलगी शेजारी बसली होती. समोरून येणारे भराभर डिपर मारत होते.

"बाबा, हे सगळे आपल्याला डिपर का मारतायत?"

"नवे दिवे बघून जळतायत मेले!"

दोघंही हसली. एक मोटारसायकलवाला शिवी देऊन गेला, ती काचेबाहेरच राहिली.

मिस्त्री दर गुरुवारी सायकलवरून पुलापलीकडे बहिणीकडे जेवायला जायचा. त्या गुरुवारी अंधार पडला होता. आम्ही गठ्ठ्यांनी भरलेले, नाक वर केलेले, पुलाकडे निघालो होतो. तो मला समोरून येताना दिसला. एका हाताने त्याने डोळे झाकले, मग तोच हात उंच केला. मालकाला तो दिसलाच नाही. मी होता नव्हता तेवढा सगळा उजेड त्याच्या तोंडावर ओतत गेलो. सायकल डगमगली, पुलाच्या तुटक्या कठड्याकडे वळली आणि माझ्या उजेडातून बाहेर गेली. आम्ही पुढे निघून गेलो. मालक काहीतरी गुणगुणत होता.

तासाभराने परतताना पुलावर चार माणसं उभी होती. त्यांना कठड्याशी नुसती सायकल सापडली होती.

"काका, गाडी जरा आडवी लावा. नाल्यात उजेड पाडा."

मालकाने गाडी लावली. मीच उजेड पाडला. खाली दगडांत मिस्त्री पडला होता. माझा उजेड तोंडावर येताच त्याने मान वळवली, म्हणून तो जिवंत आहे हे कळलं. मालक हंबरडा फोडून खाली धावला. मिस्त्रीला वर आणल्यावर एकजण म्हणाला, "बरं झालं तुमचे दिवे एवढे जोरदार आहेत. नाहीतर सकाळपर्यंत सापडले नसते." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच.

मिस्त्रीचा कणा मोडला होता. कमरेखाली काही उरलं नाही. घर गॅरेजच्या वर, जिना अरुंद; म्हणून त्याच्या बायकोने खाट खाली गॅरेजमध्येच टाकली, हत्यारांच्या फळीजवळ. मालक भांडण विसरून रोज सकाळी तिथे जाऊन बसायचा. "कुठल्या हरामखोराने डोळे दिपवले तुझे? सापडला तर सोडणार नाही त्याला," असं म्हणायचा. मिस्त्री भिंतीकडे बघत राहायचा. मी दाराशी उभा असायचो. माझ्या कापलेल्या झाकणातून ओल शिरली होती आणि काचेला आतून थेंब धरले होते.

पुढे मुलीने हट्ट धरला आणि मालकाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. मोतीबिंदूच निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, गाडी काही आठवडे घरीच उभी राहिली. मग डॉक्टरने परवानगी दिली आणि पहिल्या खेपेच्या संध्याकाळी मालक मित्राला ही बातमी द्यायला गेला. सवयीने त्याने भरली गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी केली. दिवे चालूच होते.

"मिस्त्री, सगळं कसं स्वच्छ..." म्हणत तो उतरला आणि तिथेच थांबला.

उजेड रेघेखाली नव्हता. भिंतभर होता, वर कौलांपर्यंत.

"रेघ पिवळी आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्या गुरुवारी मी पुलावरून गेलो होतो."

"माहीत आहे," खाटेवरून आवाज आला. "एकवीस वर्षं उघडलेलं इंजिन मी आवाजावरून ओळखणार नाही? ओळखलं म्हणूनच तर उतरून बाजूला झालो नाही. हात वर केला. म्हटलं, आपला माणूस आहे, दिवे खाली करेल."

मालक गॅरेजच्या पायरीवर बसला. "बोलला का नाहीस? चार महिने मी इथे बसून त्या गाडीवाल्याला शिव्या घालतोय."

"ऐकत होतो. शिव्या बरोबर होत्या."

मालक ढसाढसा रडायला लागला. मिस्त्रीचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"आधी दिवे खाली कर. मग रड."

मालक उठला. डॅशबोर्डच्या कप्प्यातून जुने तारेचे बल्ब काढून त्याने आम्हाला दोघांना घातले. मग मिस्त्री खाटेवरून सांगत गेला, "अजून थोडं, आता अर्धा आटा," आणि मालक स्क्रू पिळत गेला. उजेड उतरला. रेघेखाली आला आणि स्थिर झाला. मिस्त्रीने नुसतं "हं" केलं. टिचकी मारायला तो उठू शकत नव्हता, आणि मालकाला ती मारायचा धीर झाला नाही.

थंडी संपायच्या आत मिस्त्री गेला. त्याने मालकाला माफ केलं की नाही, हे मालकाला कधी कळलं नाही, मलाही नाही. मालकाने गाडी भंगारात काढली. मुलगी आजही त्या बल्बांचा विषय निघाला की खोलीतून उठून जाते. मला तेवढं मालकाने सोडवून घेतलं आणि मिस्त्रीच्या फळीवर आणून ठेवलं. माझा मुलामा पोपडे धरून गळतो आहे. समोर ती भिंत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला नवे दिवे जरूर लावा, पण आधी ती एखाद्या भिंतीसमोर उभी करा आणि उजेड कुठवर जातो ते बघा. मोठी माणसं दिव्यांना नावं ठेवायला लागली, तर त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आज नाही उद्या म्हणतील, ऐकू नका. आणि रस्त्यात समोरून कुणी हात वर केला, तर दिवे खाली करा. त्याने तुम्हाला ओळखलेलं असेल.