टेपखालचा जोड

मी एक वायर बोलतेय. पंचवीस मीटर लांब, केशरी, अंगठ्याएवढी जाड. चाकांवरच्या घराला बाहेरची वीज आणून द्यायची, हे माझं काम. काम होतं, असं म्हणायला हवं. आता मी फार दमले आहे, तेव्हा जमेल तसं सांगते.

माझ्या पोटात तीन तारा. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. तिसरी हिरवी, अर्थिंगची. एरवी तिच्यातून काहीच जात नाही. गाडीत कुठे वीज गळून पत्र्यात उतरली, तर ती निमूट जमिनीत नेऊन सोडायची, एवढ्यासाठी ती असते. माणसांना ती बिनकामाची वाटते. तिला कापून उरलेल्या दोन तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे लोक मी पुष्कळ पाहिले.

मला विकत घेतलं ते मानाजीराव तसे नव्हते. म्हैसूरच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलेलं. दुकानदार घाई करत होता आणि हे माझं टोक सोलून आतली हिरवी तार बोटांनी चाचपत उभे होते. निवृत्त झाल्यावर म्हैसूरलगतच्या हिनकलमधल्या आपल्या घरामागे त्यांनी एक जुनी मिनीबस आणून उभी केली. सीटा काढल्या. दोन बाकं, ओटा, छोटा फ्रिज, पाणी तापवायचा हीटर, सगळं स्वतः बसवलं. अडीच वर्षं लागली.

हा सगळा खटाटोप भवानीबाईंसाठी. त्या कधीतरी नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "एकदा तरी दुसऱ्या गावात जाग यायला पाहिजे बघा मला." सासूसासऱ्यांचं आजारपण, दिरांचे संसार, मग मुलगी सुमाचं शिक्षण, यात त्यांची बत्तीस वर्षं एकाच न्हाणीघरातल्या बंबाच्या धुरात गेली होती.

पहिली वर्षं बरी गेली. कोडगूत, म्हणजे कूर्गला, गेलो, समुद्राकडे गेलो. कुठेही पोचलं की मानाजीराव आधी मला रिळावरून पूर्ण उलगडायचे. गुंडाळलेली वायर तापते, हे ते भवानीबाईंना प्रत्येक मुक्कामी नव्यानं सांगायचे, आणि त्या प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायच्या. खांबावरच्या सॉकेटात माझं एक टोक, गाडीत दुसरं. मग आतून फ्रिजचा बारीक आवाज यायचा. भवानीबाईंना साखरेचा आजार, त्यांची इन्सुलिनची इंजेक्शनं त्या फ्रिजमध्ये. आवाज आला की मलाही हायसं वाटायचं.

गेल्या माघात अंगणात गाडी मागे घेताना मानाजीरावांनी मला पाहिलंच नाही. मी केशरी, भर दुपारी उन्हात पडलेली. मागचं चाक माझ्यावरून फरशीच्या धारेवर गेलं आणि मी मधोमध फाटले.

नवीन वायर आणायला हवी होती. इतर कुणाची असती तर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं. पण नवीन आणली तर जुनीचं काय झालं, हे सुमाला सांगावं लागलं असतं. त्यांनी दार लोटून घेतलं, मला गुडघ्यावर घेतलं आणि तारा पिळायला लागले. मला डोळ्यांच्या अगदी जवळ धरत होते, मग लांब, मग पुन्हा जवळ. काळी नि लाल नीट जमली. हिरवीच्या बारीक तारांपैकी दोनच पिळात सापडल्या. बाकीच्या बाहेर राहिल्या. वरून त्यांनी काळी टेप घट्ट गुंडाळली. टेस्टर लावला. दिवा लागला. टेस्टर फक्त वीज आली का ते सांगतो. हिरवी धड आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

मला कळत होतं. पण मी कुणाला सांगणार?

महिन्याभरात त्या दोन तारा गुंडाळण्या-उलगडण्यात तुटल्या. तिकडे गाडीतल्या हीटरची कॉइल जुनी होऊन थोडी वीज पत्र्यात सोडायला लागली होती. भवानीबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "अहो, दाराला हात लावला की मुंग्या येतात." ते म्हणाले, "थंडीत होतं तसं."

थंडी तोवर सरली होती.

मग एप्रिलात तलकाडला गेलो. वाळूच्या टेकड्यांपासून थोडं दूर, कावेरीच्या काठी, गाड्यांसाठी एक कॅम्प आहे. सकाळी दहाला पोचलो. मानाजीरावांनी मला उलगडलं, जोडलं. फ्रिज सुरू झाला, हीटरही. भवानीबाई चपला काढून नदीत पाय बुडवायला गेल्या आणि तशाच ओल्या पायांनी ओल्या वाळूतून परत आल्या. चढायला म्हणून त्यांनी दाराचा स्टीलचा दांडा धरला.

त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. मागे फेकल्यासारख्या वाळूत पडल्या. वीज जास्त गळली की आपोआप बंद होणारा गाडीतला ट्रिप स्विच खटकन पडला, म्हणून त्या वाचल्या.

"भवानी!" मानाजीराव धावले. भवानीबाईंचं मनगट मुरगळलं होतं, ओठ पांढरे पडले होते.

"अय्यो, करंट होता हो," त्या पुटपुटल्या.

मानाजीरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मनगटाला ओलं फडकं बांधलं. मग गाडीत जाऊन स्विच वर केला. तो वरच राहिला. दांडा धरून पाहिला, पायात रबरी चपला. त्यांना काहीच लागलं नाही. मग त्यांचा सगळा राग खांबाकडे वळला. त्यांनी माझा प्लग सॉकेटातून उपटला आणि कॅम्प सांभाळणाऱ्या हयग्रीवला हाक मारली. कारखान्यात त्यांचा आवाज असाच असणार.

"तुमच्या खांबाला अर्थिंग नाही! माणसं मारायला बसवलाय का हा?"

हयग्रीव पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. तो कन्नडात बोलत होता, मी मराठीत सांगते. "असेल सार, बघू या. आधी अक्कांची औषधं फ्रिजमध्ये असतील तर माझ्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवतो. मग शांतपणे बघू."

औषधं ठेवून तो एक बल्ब घेऊन आला. होल्डरला दोन वायरी लावलेला, साधा. खांबावरच्या सॉकेटात एक वायर विजेला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटला.

"खांब चांगला आहे, सार."

हयग्रीवनं मला पुन्हा सॉकेटात बसवलं, माझं दुसरं टोक गाडीतून काढलं आणि तिथे तोच बल्ब तसाच लावून पाहिला. पेटला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

म्हणजे दोष या दोन टोकांच्या मध्ये होता. माझ्यात.

हयग्रीवनं मला खांबावरून काढलं आणि वाळूत उकिडवं बसून तळव्याखालून एकेक हात मला सरकवत आला. टेपपाशी त्याचा हात थांबला.

"हे कुणी केलंय, सार?"

मी त्या वेळी मानाजीरावांच्या पायाशी पडले होते. त्यांच्या पायाची बोटं वाळूत रुतत होती.

खुर्चीतून भवानीबाई म्हणाल्या, "मेकॅनिकनं केलं ते. हुणसूर रोडवर एक आहे, त्यानं."

असा कुणी मेकॅनिक नव्हता. दार लोटलेलं असतानाही त्या दिवशी त्यांनी सगळं पाहिलं होतं तर.

"नाही," मानाजीराव म्हणाले. "मी केलं. माझ्या हातानं."

त्यांनी मला उचललं आणि भवानीबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले. टेप सोडवली. जोड त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हिरवीच्या किती तारा धरल्यात, सांग."

भवानीबाईंनी वाकून पाहिलं. "बेडा, नको हो आता. राहू दे."

"सांग."

"एकही नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मानाजीराव म्हणाले, "मला दिसत नाही गं, भवानी. वर्ष होत आलं. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. म्हटलं, कळलं तर सुमा गाडीची किल्ली काढून घेईल. मग तुला कोण नेणार?"

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"गाडी चालवताना मी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचते, स्पीडब्रेकर आला म्हणून ओरडते, ते काय सुम्ने, उगाच? तुम्ही विचाराल, म्हणून वाट बघत होते."

मानाजीरावांनी त्यांचं फडकं बांधलेलं मनगट दोन्ही हातांत धरलं. हयग्रीव उठून उगाच खांब पुसायला गेला.

पुढचं काम त्यानंच केलं. आपली वायर जोडली, गाडीतली सगळी बटणं बंद करून एकेक सुरू केली. दिवे, पंखा, फ्रिज, काही नाही. हीटरचं बटण दाबताच ट्रिप स्विच पडला. या वेळी हिरवी तार धड होती, म्हणून दोष कळायला कुणाला हात लावावा लागला नाही. हीटर सोडवून ठेवला, फ्रिज पुन्हा सुरू झाला.

सुमाला मानाजीरावांनी स्वतः फोन केला. ती म्हैसुरातल्या कुवेंपुनगरहून दुपारी आली. रस्ताभर भांडण तयार करून आली असणार, पण तिनं मागायच्या आधीच वडिलांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. गाडी तिनंच परत आणली.

महिन्याच्या अंतरानं मानाजीरावांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी सुटल्यावर काही दिवसांनी त्यांनी मला उन्हात नेलं आणि तो जोड पाहिला. नीट पाहिला. मग माझ्या दोन्ही टोकांचे प्लग कापून टाकले, कुणी चुकूनही मला पुन्हा विजेला लावू नये म्हणून. मला वाईट वाटलं नाही. त्यांनी ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता मी हिनकलच्या अंगणात दोन खांबांमध्ये बांधलेली आहे. माझ्यावर कपडे वाळतात. ओल्या चादरींचं ओझं फार होतं, मधेच वाकते. ऊन माझा केशरी रंग खातंय. इतकं थकल्यावर आणखी काही मागावंसं वाटत नाही. एकच मागणं आहे. आपल्याला दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, तर ते जवळच्या माणसापासून टेपखाली झाकू नका. त्याला बहुधा ठाऊक असतं, आणि तुम्ही सांगेपर्यंत तो एकटाच जागा असतो.

आज सकाळी ती तिघं निघाली. गाडी सुमाच चालवते. निघायच्या आधी मानाजीरावांनी नव्या वायरचा प्लग उघडला. आता त्यांना केसाएवढी तारही स्वच्छ दिसते. तरी त्यांनी हाक मारली, "भवानी, ही हिरवी जरा बघून सांग."

भवानीबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वाकून सावकाश एकेक तार पाहिली.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "चला."