देवीची पाठ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लोणावळ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मला स्कॅनरवर पालथे ठेवले. मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. टाकवे गावच्या देवीच्या पितळी मुखवट्याचा एकमेव फोटो. आठ दिवसांपूर्वी तो मुखवटा देवळातून चोरीला गेला होता.

माझा जन्म सत्तावीस वर्षांपूर्वी जत्रेत झाला. फोटोग्राफर मुखवट्याच्या मागे जाऊ लागला, तेव्हा लोकांनी त्याला अडवले. देवीची पाठ पाहायची नाही, ही गावाची रीत. म्हणून मी समोरूनच निघालो. आधी कौतुक झाले, चौकट मिळाली. मग काचेवर धूळ साचली.

पाठ पाहिली होती फक्त कस्तुराबाईंनी. जत्रेआधी मुखवटा चिंचेने घासायचे काम त्यांचे. देवळाची किल्लीही त्यांच्याकडेच असे. चोरीनंतर म्हणूनच गावाची कुजबुज त्यांच्या दाराशी येऊन थांबली.

पोलिसांना तपासासाठी मुखवट्याची चारही बाजूंची चित्रे हवी होती. दुकानदार प्रज्ञेशने माझ्यावरून ती एआयकडून करून घेतली. पडद्यावर मुखवटा सावकाश फिरला.

"घ्या! म्हाताऱ्यांनी जन्मभर पाठ बघितली न्हाई, हितं पंख्याखाली बसून दिसली," कस्तुराबाईंबरोबर गावातून आलेले सोपानआबा म्हणाले.

कस्तुराबाई पुढे सरकल्या. "ही आमची न्हाई. आतून, डाव्या कानामागं तांब्याचं ठिगळ हाय."

"मावशी, फोटोत नाही ते एआयने अंदाजाने भरलंय," प्रज्ञेश म्हणाला.

"मंग अंदाज म्हणून लिव्ह की तितं."

"आता लिवत बसू नगा, गाडी जाईल," आबा म्हणाले. चित्रे तशीच अर्जाला जोडली गेली.

तीन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक मुखवटा सापडला. आत, डाव्या कानामागे तांब्याचे ठिगळ होते. अधिकाऱ्यांनी अर्जातले चित्र शेजारी धरले. चित्रातली पाठ गुळगुळीत.

"ठिगळ हाय सायेब, मी आदीच सांगितलं व्हतं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अर्जात कुठे आहे? मुखवटा बघितल्यावर कोणीही सांगेल."

मित्रांनो, जे माझ्यासमोर होते तेवढेच मला ठाऊक आहे. बाकीचे घासणाऱ्या हातांना विचारा, आणि ते हात आहेत तोवर लिहून ठेवा.

मुखवटा गावाला मिळाला नाही, म्हणून सोमवारी गावाने ठिगळाची नोंद करून नवा अर्ज दिला. मूळ फोटो म्हणून मलाही जमा करून घेतले. काल कस्तुराबाईंना जबाबासाठी बोलावले होते. दुपारी चारपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. साहेब दौऱ्यावर होते. पुढची तारीख अद्याप कळवलेली नाही.